आधी फोन, मग डबी

करीमभाई ओमानला परत गेले त्याला वर्ष होऊन गेलं. रत्नागिरीत मिरकरवाडा बंदरावर कुणालाही विचारा, सांगतील, मासळी कंपनीत ड्रायव्हर होता, गाडीतलं नजर ठेवणारं यंत्र काढून डिझेल विकायचा, कंपनीने हाकलला. हे खोटं आहे. खोटं आहे हे खात्रीने जगात फक्त चार माणसांना माहीत आहे. एक करीमभाई स्वतः, एक त्यांची बायको कुलसुम, आणि उरलेली दोघं आमच्याच घरात राहतात आणि दोन वेळ पोटभर जेवतात.

मी मालन. नाचणे रोडला चिंतामणी मेस्त्रींचं ऑटो इलेक्ट्रिकचं गॅरेज आहे, त्यांची बायको. गॅरेजचं रजिस्टर आणि फोन माझ्याकडे. लोकांना वाटतं मेस्त्रींची बायको नुसता चहा पाठवते. वाटू दे मेल्यांना. मी आज आमच्या ह्यांच्याबद्दल सांगायला बसले आहे, पण त्यात माझंही येणार, आणि ते काही चांगलं नाही.

हे मूळचे नाचण्याचेच. आयटीआय केलं, मग बाबल्या मेस्त्री म्हणून एक म्हातारा होता एसटी स्टँडमागे, त्याच्या हाताखाली सहा वर्षं राहिले. बाबल्याने ह्यांना दोन गोष्टी शिकवल्या. एक, गाडीला हात लावायच्या आधी बॅटरीची मायनस वायर काढायची, मग गाडी राजाची असो की रंकाची. दुसरी, दोष सापडला नाही तर सापडला नाही म्हणून सांगायचं, अंदाजाने पार्ट बदलायचा नाही. पहिली शिकवण दहा मिनिटांची होती. दुसरीने माझा संसार खाल्ला. दोष सापडला नाही की हे जेवत नसत. मी ताट वाढून हाका मारायची आणि हे बोनेटमध्ये डोकं घालून. हातात टेस्ट लॅम्प, म्हणजे एक बल्ब आणि दोन वायरी, बस. त्या एका बल्बावर ह्यांनी अर्ध्या रत्नागिरीच्या गाड्या चालू केल्या.

अठ्ठ्याण्णव साली स्वतःची शेड टाकली. तीन बाजूंनी चिऱ्याची भिंत, वर पत्रा. त्याच वर्षी आमचं लग्न झालं. वऱ्हाडाचा टेम्पो पावस गावाच्या अलीकडे बंद पडला, तर नवरदेव मुंडावळ्या वर सारून टेम्पोखाली. माझा मामा म्हणाला, पोरी, बघ हो, अजून वेळ गेलेली नाही. मी हसले होते. खरं सांगते, मला ते आवडलं होतं. अंगावर जरीचा कोट आणि कोपरापर्यंत काळा हात, आणि टेम्पो सुरू झाल्यावर चेहऱ्यावर असं समाधान की लग्न माझ्याशी लागतंय की टेम्पोशी, कळेना.

करीमभाई तेव्हा ओमानला होते. ह्यांचे शाळेतले सोबती, आठवीपर्यंत एका बाकावर. एक्क्याण्णवला गेले, चौदा वर्षं तिकडे पाण्याचा टँकर चालवला. बाप वारला तेव्हा येता आलं नाही. मुलगी इरम, तिला त्यांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती दीड वर्षांची, आणि ती बापाला बघून रडत आजीच्या मागे लपली. दोन हजार पाचला कायमचे परत आले तेव्हा आमच्याकडे जेवायला बसले होते. बांगड्याचं तिखलं केलं होतं मी. जेवता जेवता म्हणाले, "वहिनी, आता काय ते इथेच. अर्धी भाकरी खाईन पण दर्या ओलांडून जायचा नाय."

मग मिरकरवाड्याची मासळी उचलून बाहेर पाठवणारी एक कंपनी आहे, तिच्याकडे ड्रायव्हर लागले. कंपनीचं नाव मी घेत नाही. बंदरावरून बर्फातली मासळी भरायची आणि एमआयडीसीतल्या कोल्ड स्टोरेजला पोचवायची, कधी गोव्याला, कधी मुंबईला. कंपनीच्या अकरा पिकअप गाड्या. करीमभाईंच्या शब्दावर त्या अकराही गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम आमच्याकडे आलं. हे लक्षात ठेवा. आमच्या घरातली चूल निम्मी त्या कंपनीवर पेटत होती, आणि ती करीमभाईंनी मिळवून दिली होती.

गाड्या नवीन पद्धतीच्या होत्या. इंजिनला कॉम्प्युटर. टेस्ट लॅम्पवाल्या माणसाचं तिथे काय चालणार? पण हे हटले नाहीत. पुण्याला जाऊन सहा दिवसांचं ट्रेनिंग घेतलं आणि निळ्या पेटीतला स्कॅनर घेऊन आले. स्टिअरिंगच्या खाली एक सॉकेट असतं, त्यात स्कॅनरची पिन घालायची की इंजिनचा कॉम्प्युटर आपलं दुखणं सांगतो. पहिल्या दिवशी हे स्कॅनर उशाशी घेऊन झोपले. मी म्हटलं, कानामागून आली आणि तिखट झाली ही बया.

आणि मग दोन हजार सातच्या उन्हाळ्यात कंपनीने गाड्यांना डब्या बसवल्या. ट्रॅकर. गाडी कुठे आहे, किती वेळ उभी आहे, डिझेल किती जळालं, सगळं मुंबईच्या हेड ऑफिसात दिसायचं. आम्ही सगळे तिला डबीच म्हणायचो. मुंबईहून दोन पोरं आली, त्यांनी एका दिवसात अकरा गाड्या उरकल्या. डबीला डिझेलचा हिशोब पाहिजे, तो इंजिनच्या कॉम्प्युटरकडूनच मिळणार, म्हणून त्यांनी डबीची वायर त्या स्कॅनरच्या सॉकेटामागेच जोडली. कुणाला विचारलं नाही की इथे गाड्यांचं काम कोण करतो आणि कसं करतो.

त्यानंतर हळूहळू भुताटकी सुरू झाली. डिसेंबरात एक गाडी आली, तिला स्कॅनर लावला तर अकरा दोष एका वेळी. गाडी तर धडधडीत चालत होती. हे दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी सहज म्हणून डबीची पिन काढली, स्कॅनर पुन्हा लावला, तर अकराचा एक दोष उरला, आणि तो खरा होता. मला समजावून सांगितलं तेव्हा मी म्हटलं, म्हणजे रेशनच्या दुकानासारखं. खिडकीतला माणूस एक आणि दोघांनी एकदम तोंड घातलं की तो कुणालाच धड उत्तर देत नाही. हे म्हणाले, अगदी तसंच. डबी पण कॉम्प्युटरला विचारत असते आणि स्कॅनर पण. एकाचं उत्तर दुसऱ्याला जातं, नाहीतर कॉम्प्युटर गप्पच होतो. त्या दिवशी इतके खूश होते की स्वतःहून मासळी बाजारात जाऊन सरंगा घेऊन आले.

मग नियम केला. भिंतीवर खडूने लिहिला आणि माझ्याकडून पाठ करून घेतला, पोरासारखा. आधी हेड ऑफिसला फोन. फोन उचलणाऱ्याचं नाव आणि वेळ रजिस्टरात. मग गाडीची चावी बंद. मग डबीची पिन काढायची. दहा मिनिटं थांबायचं. मग स्कॅनर. काम झालं की आधी स्कॅनर काढायचा, मग डबी जोडायची, मग पुन्हा फोन. फोन कशाला, तर डबीची पिन निघाली की हेड ऑफिसात घंटा वाजायची, ड्रायव्हरने यंत्राशी छेडछाड केली म्हणून. तसे तीन ठपके झाले की ड्रायव्हर घरी. चौथा नाही, विचारणं नाही.

ह्यांनी कंपनीला एक पत्रही पाठवलं होतं. शुद्धलेखन मी तपासलं. त्यात लिहिलं होतं की डबीच्या वायरीत एक छोटं बटण बसवा, म्हणजे स्कॅनर लावताना डबीचं कॉम्प्युटरशी बोलणं तेवढं थांबेल, डबी चालू राहील, घंटा वाजणार नाही, कुणा गरिबाला ठपका लागणार नाही. चित्रही काढून दिलं. उत्तर आलं नाही. दोनदा आठवण केली. कंपनीला कशाला उत्तर सुचतंय, ठपका काय साहेबाला लागत होता?

करीमभाईंना दोन ठपके लागले होते, आणि दोन्ही आमच्या गॅरेजातले. पहिला अगदी सुरुवातीचा. बाबल्याच्या शिकवणीप्रमाणे ह्यांनी बॅटरीची मायनस काढली, तर डबी पण बंद, मुंबईला घंटा. तेव्हा कुणाला काय माहीत. दुसरा दोन हजार आठच्या फेब्रुवारीत. मी फोन केला होता, माझ्या रजिस्टरात अकरा वाजून पंचवीस मिनिटं लिहिलेली आहेत, पण पलीकडच्या माणसाने नोंद केली नाही आणि त्याची ड्यूटी संपली. मी फोनवर भांडले. उत्तर मिळालं, बाई, तुमचं रजिस्टर म्हणजे तुमच्या घरचा कागद. करीमभाई मलाच समजावत होते, "जाऊ द्या वहिनी, दोनच झाले. तिसरा होऊ द्यायचा नाय, म्हणजे झालं."

त्या वर्षी स्वातंत्र्यदिन शुक्रवारी आला, नारळी पौर्णिमा शनिवारी आणि मग रविवार. हेड ऑफिस तीन दिवस बंद. पण बंदर बंद नव्हतं. दोन महिने मासेमारी थांबलेली, शनिवारी दर्याला नारळ दिला आणि होड्या निघाल्या. रविवारी दुपारी मोसमातली पहिली मासळी लागणार, लिलाव होणार, आणि अकराही गाड्या धक्क्यावर हव्यात असा ब्रँचच्या साहेबांचा हुकूम होता. हुकूम देऊन साहेब राखीसाठी घाटावर आपल्या गावी गेले.

त्या रविवारी सकाळी साडेदहाला करीमभाई गाडी घेऊन आले. दोन महिने पावसात अंगणात उभी होती गाडी. इंजिनची पिवळी बत्ती पेटलेली, आणि गाडी चढाला दम टाकत होती. मी फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. नऊ वेळा लावला, मोजून सांगते. साहेबांचा मोबाईल आवाक्याबाहेर.

हे म्हणाले, "आज नको, करीम. फोन लागत नाही तर डबी काढता येत नाही, आणि डबी असताना स्कॅनर लावायचा नाही."

"मग रे? बाराला लिलाव हाय. गाडी नेली नाय तर वेगळा ठपका. काढलीस तर हा ठपका. मी करू काय?"

"मी लॅम्प घेऊन वायरी बघतो."

"किती वेळ लागेल?"

वेळ सांगता येत नाही हे ह्यांना माहीत, करीमभाईंनाही माहीत. करीमभाईंनी ह्यांचा हात धरला. असा हात त्यांनी कधी धरला नव्हता. म्हणाले, "चिंत्या, डबीला हात लावू नको. तशीच राहू दे. तू नुसता स्कॅनर लावून बघ काय म्हणतो तो. मला परत तिकडे जायला लावू नको रे."

आता ह्यांचा स्वभाव. ह्यांना नाही म्हणता येतं, कुणालाही. मंत्र्याच्या ड्रायव्हरला सांगितलं होतं की मागच्या रांगेत थांब. पण करीमभाईंना नाही म्हणता आलं नाही. म्हणाले, "बरं. नुसते दोष वाचतो. पुसत काही नाही. दोन मिनिटं."

मी तिथेच होते, रजिस्टर उघडून. नियम माझ्या डोक्यावर, भिंतीवर लिहिलेला. मी पण काही बोलले नाही. मला वाटलं, दोन मिनिटांत काय होतंय.

स्कॅनर लावला. पडद्यावर आकडे पळाले, मग थांबले, मग स्कॅनर गोठला. ह्यांनी चावी बंद केली, पुन्हा फिरवली. इंजिन घेईना. बत्त्या सगळ्या एकदम पेटल्या. मग गडबडीत ह्यांनी डबीची पिन उपटली, स्कॅनर पुन्हा लावला, तोवर कॉम्प्युटर मुका झाला होता. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. करीमभाई गाडीच्या दाराला धरून उभे होते. बारा वाजले, एक वाजला. गाडी गेली नाही.

पुढे चार दिवसांनी कोल्हापूरहून गाड्या बनवणाऱ्या कंपनीचा माणूस आला, त्याने लॅपटॉप लावून कॉम्प्युटर जागा केला. आणि मूळ दोष काय सापडला माहीत आहे? खालच्या एका सेन्सरच्या पिनेवर पावसाने हिरवा गंज चढला होता. फडक्याने पुसून निघाला. ते ऐकल्यावर हे गॅरेजच्या मागे जाऊन भिंतीला पाठ लावून बसले. लॅम्प घेऊन बसले असते तर अर्ध्या तासात सापडला असता. अर्ध्या तासात.

सोमवारी हेड ऑफिसचा फोन आला. मी उचलला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली की अमुक नंबरच्या गाडीचं यंत्र रविवारी अकरा दहाला काढलं गेलं, गाडीचं इंजिन त्याच वेळी बंद पडलं, तुमच्याकडे कामाची काही नोंद आहे का? माझ्यासमोर रजिस्टर होतं. रविवारचं पान कोरं. फोनच लागला नव्हता तर नोंद कसली करणार? मी म्हटलं, "नोंद नाही." खरं बोलले मी. आयुष्यात इतकं वाईट खरं मी दुसरं कधी बोलले नाही.

ह्यांना सांगितलं तर हे लगेच कागद घेऊन बसले. लिहायला लागले, रविवारी डबी न काढता स्कॅनर मी लावला, पिनही मीच काढली, ड्रायव्हरचा दोष नाही. मी कागदावर हात ठेवला. म्हटलं, "शहाणे आहात का? हे लिहिलंत की कॉम्प्युटर तुम्ही जाळला असा अर्थ होतो. अकरा गाड्या जातील. उद्या गावभर होईल की चिंतामणी मेस्त्रींना स्कॅनर वापरता येत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. साहेब येऊ देत, चार दिवस थांबा, आपोआप निवळेल."

"आणि करीम?"

"करीमभाईंना कोण काढतंय? तीन वर्षं इमानाने काम केलंय."

हे मला खरंच वाटत होतं की मी मनाची समजूत घालत होते, आता मलाही सांगता येत नाही. हे थांबले. ज्या माणसाने कधी माझं ऐकलं नाही, त्याने नेमकं तेव्हा ऐकलं.

बुधवारी दुपारी, दोन-अडीचला, करीमभाई घरी आले. हे जेवून आतल्या खोलीत आडवे झाले होते. मी दारात गेले. करीमभाई पायरीवर उभे, छत्री हातात, आत यायला निघालेले. मी बाजूला झाले नाही.

"मेस्त्री आहे का?"

"नाहीत. बाहेर गेलेत."

त्यांनी खाली पाहिलं. ह्यांच्या चपला तिथेच होत्या. मग त्यांनी पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने, "मेस्त्री नाय का घरात?" मला वाटलं रागावले. मी म्हटलं, "सांगितलं ना, नाहीत. संध्याकाळी बघा." त्यांनी छत्री उघडली. मग म्हणाले, "बरं वहिनी," आणि गेले. संध्याकाळी आले नाहीत. मी ह्यांना काही सांगितलं नाही.

शुक्रवारी सकाळी ह्यांनी मला न विचारता कागद पुरा लिहिला. मी अडवलं नाही. ह्यांचा चेहरा बघूनच बोलायची छाती झाली नाही. घडी घालून खिशात ठेवला आणि एमआयडीसीतल्या ब्रँचला गेले. मीही रिक्षाने मागोमाग गेले, का ते माहीत नाही. साहेबांनी कागद वाचला. मग टेबलाच्या खणातून दुसरा कागद काढून ह्यांच्यापुढे ठेवला. गुरुवारची तारीख होती. वळणदार अक्षरात लिहिलं होतं, यंत्र मी स्वतः काढले, गाडीचे नुकसान माझ्यामुळे झाले, मी नोकरी सोडत आहे. खाली करीम होडेकर अशी सही.

साहेब म्हणाले, "त्याने कबूल केलंय. आता तुमचा कागद घेऊन मी काय करू?"

"त्याने खोटं लिहिलंय."

"मग त्याच्याकडून तसं लिहून आणा." साहेब वाईट माणूस नव्हते, पण त्यांना प्रकरण मिटलेलं हवं होतं आणि ते मिटलं होतं. ह्यांचा कागद त्यांनी नीट घडी घालून परत दिला. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय.

तिथून तसेच मिरकरवाड्याला. करीमभाई घरीच होते. इरम शाळेत गेली होती. कुलसुमने पाणी दिलं आणि आत निघून गेली. हे म्हणाले, "सही का केलीस?"

करीमभाई शांतपणे सांगत होते. साहेब म्हणाले होते, लिहून दे नाहीतर पोलिसात तक्रार जाईल. पोलीस केस झाली की पासपोर्ट अडकला. इथली नोकरी तर गेलीच, निदान तिकडचा रस्ता तरी उघडा राहू दे, म्हणून सही केली.

"मी होतो ना. मी सांगितलं असतं, मी लावला स्कॅनर म्हणून."

"चार दिवस झाले, तू काय बोलला नायस," करीमभाई म्हणाले. "मला वाटलं, तुला बोलायचं नाय. तुझं गॅरेज हाय, संसार हाय. मग म्हटलं, दोघांनी बुडण्यापेक्षा एकाने."

हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बुधवारची गोष्ट काढली नाही. एका शब्दाने नाही. मी तिथे बसून होते आणि मला वाटत होतं की ह्या माणसाने आत्ता मला तोंडावर शिव्या द्याव्यात. शिव्या घेऊन मी मोकळी झाले असते.

"चल, आत्ता दोघे जाऊ. तू लिही की धाकाने सही केली."

"आणि पोलीस?" करीमभाई म्हणाले. "नको रे चिंत्या. आता नको."

त्यानंतर रत्नागिरीत त्यांना कुणी गाडी दिली नाही. एक बर्फवाला देणार होता, त्याने कंपनीत चौकशी केली आणि मग फोन उचलायचा बंद केला. बंदर केवढंसं आहे, सगळे एकमेकांना ओळखतात. ऑक्टोबरात जुन्या ओळखीवर ओमानचा व्हिसा आला. चाळिशी ओलांडलेला माणूस पुन्हा टँकर चालवायला. एसटी स्टँडवर आम्ही गेलो होतो. इरम रडत नव्हती. लहानपणी बापाला बघून रडली होती, आता जाताना बघत नुसती उभी. करीमभाईंनी ह्यांना मिठी मारली. मला म्हणाले, "वहिनी, मेस्त्रीला वेळेवर जेवायला घाला." बस सुटली. हे तिथेच बाकावर बसून राहिले, मला घरी चला म्हणायला लाज वाटत होती.

अकरा गाड्या आमच्याकडेच राहिल्या. हे सांगायलाही तोंड जळतं. आणि गेल्या दिवाळीनंतर कंपनीने नव्या डब्या बसवल्या, त्यांच्या वायरीत एक छोटं बटण आहे, ह्यांनी काढलेल्या चित्रातलं असावं तसं. मुंबईच्या कुणा इंजिनिअरला सुचलं म्हणे. आता फोन करावा लागत नाही, ठपका लागत नाही. ह्यांनी ती डबी पहिल्यांदा पाहिली, बटण दाबून पाहिलं, आणि दुसऱ्या गाडीकडे गेले. काम आता झटपट होतं. हे वेळेवर जेवतात. दोष सापडला नाही तरी जेवतात. पूर्वी मी ह्याच गोष्टीसाठी देवाला नवस बोलले होते, आता समोर बसून घास मोजते आणि मला रडू येतं.

मला ते बुधवारचं पोटात ठेवणं असह्य झालं. झोपेत चपला दिसायच्या. परवा दुपारी हे जेवत होते, मी वाढता वाढता सांगून टाकलं. म्हटलं, "करीमभाई सही करायच्या आदल्या दिवशी घरी आले होते. तुम्ही आत झोपला होता. मी नाहीत म्हणून सांगितलं आणि परत पाठवलं. तुम्हाला उठवलं असतं तर हे झालं नसतं. सगळं माझ्यामुळे झालं."

मला वाटलं हे ताट फेकतील. फेकावं असं वाटत होतं. हे भात कालवत राहिले.

"मी झोपलो नव्हतो," हे म्हणाले. "त्याने दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा मोठ्याने विचारलं ते मला ऐकू यावं म्हणून. मी ऐकलं आणि पडून राहिलो."

मग हात धुतले आणि गॅरेजात गेले. तीन वाजता पावसचा एक टेम्पो यायचा होता.